होनगेकरसरांचा समुद्रतळ

स्टाफरूममध्ये किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, कपाटावरच्या धुळीसारखे ते आपोआप साठतात. आमच्या बेळगावच्या कॉलेजातले निम्मे झूलॉजीच्या होनगेकरसरांचे. ऐंशीच्या दशकात हे गृहस्थ सरकारी मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला जाऊन आले. पुन्हा जायला जीव तळमळत होता, पण वहिनी 'जावा' म्हणत नव्हत्या.

आल्यापासून सरांचा एकच विषय, तिथला समुद्रतळ. उन्हाळ्यात बर्फ फुटतं, पाण्यात बारीक शेवाळ माजतं, ते मरून तळाशी पडतं. तेवढीच वर्षाची बेगमी. मग वर बर्फाचं झाकण आणि काळोख. तळाचे जीव कमी खातात, कमी हलतात आणि पुढच्या उन्हाळ्याची वाट बघतात.

*

शहापुरातल्या एका देवळात सरांनी स्लाइड्स दाखवल्या. पुढं बसलेल्या आजींनी हात जोडले. सर खूश.

"एवढा कडक उपास आमच्या घरात बी कोण करत न्हाय," आजी म्हणाल्या. "सोडताना काय खात्यात?"

*

जांबोटीच्या शाळेत सर हेच रंगवून सांगत होते. मागून एक आप्पा म्हणाले, "पाऊस लागला की आमच्याकडं बस येत न्हाय. उन्हाळ्यात भात, सुकी मासळी भरून ठेवायची आन् चुलीम्होरं बसायचं. हे बघायला तुमी एवढ्या लांब गेलता व्हय?"

त्या दिवशी परतीची बस खरंच आली नाही. सर आप्पांकडंच सुकी मासळी जेवले.

*

एकदा मधल्या सुट्टीत सर म्हणाले, "सीलची विष्ठा खाली पडली की तारामासे तुटून पडतात. तीही मेजवानीच."

गणिताच्या जोशीसरांनी पिठल्याचा डबा बंद केला. सरांच्या दुसऱ्या मोहिमेला मनापासून पाठिंबा देणारे ते पहिले.

*

तपासणी समितीनं विचारलं, "तुमच्या डिपार्टमेंटात वर्षभर काय चालतं?"

"काय न्हाय," सर म्हणाले. "तुमच्यासाठी कुंदा आला की सगळे हलतात."

समितीनं आधी ती बेळगावी मिठाई संपवली आणि मगच ती रागावली.

*

शेवटी आम्ही चौघे वहिनींना समजवायला सरांच्या घरी गेलो. वहिनींनी शांतपणे चहा दिला.

"जाऊ द्या की. पण हे मला रोज सांगत्यात, तळाच्या जीवाला चूल न्हाय, वरनं पडंल तेवढंच खातोय. आठवडाभर तसं ऱ्हाऊन दाखवू द्या. विकत घ्यायचं न्हाय, कुणी वाढायचं न्हाय. वरनं पडलं तरच खायचं. जमलं, तर जावा म्हणते."

"कबूल," सर छाती काढून म्हणाले.

सोमवारी सर हसत होते, मंगळवारी आमच्या डब्यांकडं बघत होते. बुधवारी मधल्या सुट्टीत त्यांची खुर्ची रिकामी. मला फार वाईट वाटलं. अंटार्क्टिका बुडालं म्हणत मी डबा उघडला, भाकरी मोडली.

टेबलाखालून हळूच आवाज आला, "जरा सांडत खा की रं."