दम लागतोय, असं ती म्हणालीच नाही

"वहिनी, अलका गेली..." दवाखान्याबाहेरच्या एसटीडी बूथवरून विलास एवढंच म्हणाला. त्याला महिना उलटला, तरी माझं मन जागेवर नाही. अलका माझी धाकटी जाऊ, विलासची बायको. लग्न होऊन मखमलाबादच्या मळ्यात आली आणि थोड्याच काळात घरच्या गुलाब-शेवंतीसाठी तिनं पंचवटीत दुकान उभं केलं. लूनावर टोपल्या बांधून निघायची. बोलायची इतकी, की गिऱ्हाइकाला घासाघीस करायला उसंतच मिळायची नाही.

मूल नव्हतं. सासूबाई कधी टोचून बोलल्या नाहीत. उलट "पुरे आता ते दवाखाने" असं त्याच म्हणायच्या. ओढ अलकालाच होती. टेस्ट ट्यूबचे उपचार ठरले, रोजची इंजेक्शनं सुरू झाली. स्त्रीबीजं भरपूर मिळाली म्हणून तिनं पेढे वाटले. मग पोट फुगायला लागलं. "गॅस झालाय गं ताई," म्हणाली. दम लागला तर ताबडतोब या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तसं सांगितलं तर गर्भ आत सोडायचं पुढे ढकलतील, ही तिला धास्ती. जिन्यात मध्येच थांबायची, वाकून चपलेचा पट्टा नीट करायची. मला वाटायचं, पट्टा सैल झालाय.

शेवटी तिला आडवं होता येईना. भिंतीला टेकून बसली, ओठ काळसर पडलेले... रिक्षात माझा हात घट्ट धरून म्हणाली, "ताई, उद्या गर्भ सोडणार होते गं." तेव्हा कुठे मला कळलं, ती काय लपवत होती. इंजेक्शनांचा परिणाम फार झाला, रक्तातलं पाणी झिरपून पोटात आणि फुप्फुसांभोवती साचलं, असं डॉक्टरांनी समजावलं. सुईनं पाणी काढल्यावर ती जरा बोललीही. मग फुप्फुसंच भरत गेली. "असं क्वचित होतं," डॉक्टर म्हणाले. त्या 'क्वचित'चं काय करायचं, मला अजून समजत नाही.

दुकान आता मी बघते. परवा एक मुलगी डोहाळजेवणासाठी फुलांचे दागिने सांगायला आली. ते काम अलकाचं. मी नाही म्हणणार होते, पण विलास म्हणाला, "घ्या वहिनी. तिनं नाही म्हटलं नसतं." माप द्यायला मुलगी दुकानाची पायरी चढली आणि दाराला टेकून धापा टाकू लागली. माझ्या हातातला दोरा सुटला.

"कधीपासून लागतो दम? डॉक्टरांना सांगितलंस?"

ती हसली. "सातवा आहे ना, काकू."

"हसू नकोस. सांगितलंस का?"

"सांगितलंय हो."

मी पुन्हा विचारलं. मग मनगटाचं माप घ्यायला तिचा हात हातात घेतला, आणि तिचा श्वास संथ होईपर्यंत सोडला नाही.