सहदेव पानझाडेचं सुतक

गोदाबाई भाकरी थापत होत्या. त्यांचे यजमान जानराव पुढच्या पेरणीसाठी सरकी निवडत बसले होते. तेवढ्यात दाराची कडी वाजली. बाहेर चौकीचे दोन शिपाई.

"सहदेव पानझाडे कुठं हाय?"

"असा कोणी नाही इथं," गोदाबाई म्हणाल्या.

अंजनगावात पानझाडे आडनावाचं हे एकच घर. आजूबाजूच्या गावांतही दुसरं नव्हतं. आणि अमरावतीच्या बाजारात सहदेव पानझाडेच्या नावाचे कापसाचे गठ्ठे फोडले, तर आत वाळू निघाली होती. सहदेव सापडेना, म्हणून शिपायांनी जानरावांनाच नेलं.

आठ दिवसांनी ते सुजलेल्या पायांनी परतले, तोवर गावात त्यांचं नाव 'वाळूवाले' पडलं होतं. अमेरिकेतल्या लढाईनं तिकडचा कापूस थांबला, म्हणून इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आलेला, काड्या-कचऱ्याचा मालसुद्धा हातोहात जात होता. जानरावांच्या स्वच्छ कापसाला मात्र कोणी हात लावेना.

ही करणी अडत्या खुशालरावची होती; सहदेव माल आपल्याकडं आणून टाकतो, असं त्यानंच चौकीत सांगितलं होतं. पानझाड्यांचा माल चोख, त्यांचा गठ्ठा कोणी फोडून पाहत नाही, हे त्याला ठाऊक. म्हणून त्यानं जानरावांना एक धाकटा भाऊ मनानंच जन्माला घातला आणि त्याच्या नावावर वाळू खपवली.

"जाऊ दे," जानराव म्हणाले.

"तुमचे पाय सुजले, त्याचे नाही सुजले," गोदाबाई म्हणाल्या, आणि पायांना हळद लावत राहिल्या.

बाजाराच्या दिवशी त्या खुशालरावच्या अडतीपुढं जाऊन बसल्या आणि गळा काढला, "माया दीर गेला वं माय! सहदेव गेला!"

बाया जमल्या. गाडीवाले जमले. खुशालराव बाहेर आला तो गोंधळलेलाच.

"भाऊ, तुमच्याकडंच तर येत होता तो," गोदाबाई रडत म्हणाल्या. "आमाले तर तोंड बी नाही दाखवलं. खरं सांगा, गेला नं?"

खुशालरावनं क्षणभर विचार केला. मेलेल्या माणसाला कोणती चौकी बोलावते? त्याचा चेहराच उजळला.

"हो बाई. तापानं गेला बिचारा."

"अन् प्रेत?"

"आता कुठलं प्रेत? नदीवर नेलं. त्याचं कोणी जवळ नव्हतं, मीच अग्नी देला."

गोदाबाईंचं रडं थांबलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि जमलेल्यांकडं वळून विचारलं, "आयकलं नं समद्यायनं?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. अग्नी देणाऱ्यानं केस-मिशी उतरवायची, दहा दिवस वेगळं बसायचं, कोणाला शिवायचं नाही, तराजूला तर नाहीच नाही. आणि खुशालरावच्या दारात कापसाच्या गाड्या पार वेशीपर्यंत लागलेल्या.

"बाई, हे दहा दिवस... ऐन हंगाम हाय," तो पुटपुटला.

"आमी बी सुतक धरलं. आमचा कापूस तसा बी कोणी शिवत नाही."

"अवं पण खुशालराव, मंग मिशी कशी राह्यली तुमची?" गर्दीतून एक म्हातारी खेकसली. "का मेलाच नाही तो?"

खुशालरावचा हात मिशीवर गेला. मेला नाही म्हणावं, तर सहदेव चौकीत उभा करावा लागणार. नव्हताच म्हणावं, तर वाळू कोणाची?

गोदाबाई उठल्या, लुगडं झटकलं. आवाज अगदी साधा होता.

"माझं जास्त मागणं नाही, भाऊ. न्हाव्याले बोलवा, अन् इथंच, आमच्यासमोर, मिशी उतरवा."