विलायती पाहुण्यांचं शाकव्रत

शहापूर-बेळगावात हट्टी माणसांना तोटा नाही. पण विलायती उंदरांना चातुर्मास पाळायला लावणारा माणूस आजवर एकच झाला, आणि ते माझे सासरे. मी निपाणीची. लग्न होऊन शहापुरातल्या विणकरांच्या घरात आले, तेव्हा मामंजींचा पहिला कायदा मला पहिल्याच जेवणाला कळला. माहेरी पुरुष आधी जेवत, बायका मागून. त्या रीतीनं मी वाढायला उभी राहिले, तर मामंजी पाटावरून गरजले, “सूनबाई, बस की गं! माझ्या घरात दोन पंगती न्हाईत.” सासूबाई, मुलगा, सून, मागावर कामाला असलेला गडी, सगळे एका ओळीत आणि सगळ्यांच्या ताटात एकच अन्न. मांजरसुद्धा ह्या कायद्यातून सुटलं नव्हतं. एकादशीला त्याला भाकरी नाही, नुसतं दूध. एका एकादशीला त्यानं शेजाऱ्यांच्या परसात उंदीर मारून खाल्ला, तेव्हा मामंजी शेजाऱ्यांच्या दारात जाऊन म्हणाले, “आमच्या घरच्याकडनं आज चुकी झाली, मनावर घेऊ नगासा.” शेजारी बिचारे उंदीर गेल्याच्या आनंदात होते.

मामंजींच्या साऱ्या व्रतांत थोरलं म्हणजे शाकव्रत. आषाढी एकादशीपासून महिनाभर हिरवं पान तोंडात घालायचं नाही. त्यांच्या आईनं शेवटच्या आजारात हा शब्द घेतला होता, आणि मिसरूड फुटायच्या आधी दिलेला तो शब्द त्यांनी केस पांढरे होईतो पाळला होता. एका आषाढात ते तापानं फणफणले असताना वैद्यांनी अडुळशाच्या पानांचा काढा दिला, तर वाटी तशीच परत गेली. “ताप आपुआप उतरतोय,” ते म्हणाले, “मोडल्यालं व्रत कोन जोडून देनार?” ताप उतरला तो मात्र सासूबाईंना रडकुंडीला आणूनच.

अशा ह्या घरात लढाईच्या दिवसांत गिनीपिगांची जोडी आली. मामंजी गोऱ्या पलटणीच्या कँपात साड्या विकायला गेले होते. विलायतेला परत निघालेल्या एका मडमेला आपल्या लाडक्या जनावरांचं काय करावं ते समजत नव्हतं, आणि मामंजींना ‘नाही’ हा शब्द बायकामाणसांसमोर कधी उच्चारता आला नव्हता. सशाहून लहान, उंदराहून मोठी, शेपूट नसलेली ती दोन तांबडी-पांढरी गाठोडी त्यांनी बांबूच्या हाऱ्यात घालून आणली. आळी त्यांना विलायती उंदीर म्हणे. मामंजी चिडत. “उंदीर म्हनू नगासा. पावनं हैत ती.” रोज बाजारातून आणलेल्या कोथिंबिरीची पहिली मूठ पाहुण्यांची, मुळ्याचा पाला पाहुण्यांचा, पिकल्या पेरूची फोड पाहुण्यांची. मागावरच्या धोट्याचा आवाज थांबला की आता मामंजी उठणार हे त्यांना कळे, आणि दोघं मिळून अशी शीळ घालत की आमचे मामंजी नवरदेवासारखे लाजत.

मग आषाढी आली. बाहेर सारं बेळगाव कौलांपर्यंत हिरवंगार, आणि आत पाहुण्यांच्या पुढ्यात गेल्या सालचा वाळका कडबा नि भिजवलेले हरभरे. मी म्हटलं, “मामंजी, जनावरांना कसलं आलंय व्रत? निदान गवत तरी घाला.” ते म्हणाले, “गवात हिरवंच न्हवं? माझ्या घरचं खात्यात, म्हंजे माझ्या पंगतीचीच की.”

पंधरवडा उलटला आणि शीळ बंद झाली. धोटा थांबला तरी त्यांच्या लाकडी खोक्यातून आवाज येईना. दोघं अंग चोरून बसलेली, सांधे सुजलेले, हात लावला की किंचाळत. मामंजींचं विणकामात लक्ष लागेना. ज्यांच्या साडीत कधी गाठ सापडली नाही, त्यांच्या काठाचे धागे तुटू लागले. शेवटी मी आणि ते हारा घेऊन कँपातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर पुण्याकडचे, शांत गृहस्थ. हिरड्यांतून येणारं रक्त त्यांनी आम्हाला दाखवलं. “ह्यांना ताज्या पाल्यातलं जीवनसत्त्व लागतं,” ते म्हणाले, “आणि रोजच्या रोज. ते साठवून ठेवता येत नाही. वाळवलं, शिजवलं की निघून जातं. गाय-म्हैस, कुत्रं-मांजर ते आपल्या अंगात तयार करतात. ह्यांना ते जमत नाही. माणसाला जमत नाही, तसंच.”

“म्हंजे ही आमच्या भावकीतली?” मामंजींनी विचारलं.

“तेवढ्यापुरती, हो.”

“महिना सरायला थोडं दिस ऱ्हायल्यात, डॉक्टरसाब. तंवर दम धरतील?”

डॉक्टरांनी मान हलवली. “तोवर राहणार नाहीत.”

परतताना मामंजींनी बाजारात कोथिंबिरीची जुडी घेतली, तर माळीण हसून म्हणाली, “आप्पा, आषाढात तुमी? इसरलासा काय?” त्यांनी जुडी धोतराच्या सोग्यात लपवली. घरी येऊन खोक्यापाशी मांडी घातली, पाला निवडला, आणि पाहुण्यांच्या तोंडाशी नेलेला हात मध्येच थांबवला. मग डोळे मिटून पहिली काडी त्यांनी स्वतः खाल्ली. सासूबाई चुलीपुढून धावत आल्या. “आवो, काय केलासा ह्ये! मरताना आत्तीबाईंना दिल्याला सबूद!”

“पावन्यांनी मोडायचं आनि म्या राखायचं?” मामंजींनी दुसरी काडी पाहुण्यांपुढं धरली. “माझ्या घरात दोन पंगती न्हाईत.”

मी त्या दिवसापर्यंत त्यांच्या हट्टाला हसत आले होते. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

पाहुणे जगले. एकाचा पाय कायमचा लंगडा राहिला, पण आठवड्यात शीळ पुन्हा घुमली. पुढची काही वर्षं मामंजी आषाढातही रोज सकाळी त्यांच्याबरोबर चार काड्या खात. आळीनं नावं ठेवली, ती त्यांनी ऐकली नाहीत. मग एका थंडीत एक पाहुणा गेला, उन्हाळ्यात दुसरा. आता आषाढी आली की मामंजी आपलं व्रत पुन्हा धरणार, असं साऱ्यांनीच गृहीत धरलं होतं.

आषाढीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धोटा थांबला. मी बाहेर येऊन पाहिलं, तर मामंजी रिकाम्या खोक्यापुढं बसलेले, हातात कोथिंबीर, आणि एक काडी कितीतरी वेळ चावत होते.

“मामंजी, आता कुणासाठी?”

“सवय लागली गं,” ते म्हणाले. “पर एकट्याला ग्वाड लागंना.”

मी पदर खोचला, त्यांच्या शेजारी बसले आणि जुडीतली एक काडी उचलून तोंडात घातली.