आबांच्या खोलीतलं काळं मांजर

लकव्यानं आबांची वाचा गेली, उजवा हात गेला, आणि कोल्हापुरातला आमचा फोटो स्टुडिओ एका दिवसात माझ्याकडे आला. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. गिऱ्हाइकांना रंगीत फोटो हवे असायचे आणि मलाही ते सोपं पडायचं; रोल लॅबला दिला की काम संपलं. आबा, म्हणजे माझे वडील, मात्र डार्करूममधला माणूस. कृष्णधवल फोटोचं काम मला शिकवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला होता. मी टाळत आलो होतो.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत आबांची कॉट होती. शेजारी म्हशी आणून धारोष्ण दूध विकायचे, त्या दूधकट्ट्यावरचं एक काळं मांजर तिथं येऊन त्यांच्या पायाशी झोपायला लागलं. आईनं त्याला दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा तिनं झाडू उचलला, तसा आबांच्या घशातून आवाज निघाला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. आईनं झाडू खाली ठेवला.

"बरं, ऱ्हाऊ दे त्याला," ती म्हणाली. "तुमास्नी सोबत हुईल."

आबांच्या जुन्या कॅमेऱ्यात कृष्णधवल रोल अर्धा उरला होता. तो संपवायचा म्हणून मी मांजराच्या चेहऱ्याचे अगदी जवळून चार-पाच फोटो काढले, धुतले आणि सहज आबांना दाखवले. त्यांनी डाव्या हाताचं बोट फोटोतल्या मांजराच्या नाकावर ठेवलं, मग डोळ्यांवर ठेवलं, आणि मान हलवली. नाक स्पष्ट आलं होतं, डोळे पुसट. इतक्या जवळून काढताना बोटभर अंतर चुकलं तरी असं होतं. मला ते दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा काढले. मग रोजच. दुपारी दुकानात कुणी नसलं की मी कॉटशेजारी गुडघे टेकून बसायचो. आई मांजराला "गप बस की जरा" म्हणून दटावायची. ओला कागद वाळला की आबांपुढं धरायचो. कधी ते बोटानं चूक दाखवायचे, कधी न बघताच कागद बाजूला सारायचे.

अवघड होता तो मांजराचा काळा रंग. फोटोत त्याचं तोंड शाईच्या डागासारखं यायचं. एका दुपारी मी कॅमेरा लावून बसलो असताना आबा अंगावरची पांढरी चादर ओढायला लागले. आईला वाटलं, उकडतंय. तिनं चादर काढून घडी घातली, तर ते आणखीच चिडले. बोट खिडकीकडं, मग चादरीकडं, मग मांजराकडं.

मला उमगलं. "आई, घडी मोड. खिडकीसमोर धर ती."

ऊन चादरीवर पडलं आणि तिथून मऊ होऊन मांजराच्या तोंडावर आलं. त्या फोटोत केस न् केस सुटा दिसत होता, कानाची फाटकी कडसुद्धा. आबांनी तो कागद बराच वेळ छातीवर धरून ठेवला. इतकी वर्षं तुमचं ऐकलं नाही, चुकलं माझं, असं मला म्हणायचं होतं. मी पुढचा रोल भरायला उठलो.

पुढच्या श्रावणात आबा गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो तर एकही सापडेना. ते आयुष्यभर कॅमेऱ्याच्या मागं उभे राहिलेले. मांजराच्या फोटोंनी डबे भरले होते. एका फोटोत कडेला धूसर उशी होती आणि आबांचा कान.

"वरीसभर त्यांच्याजवळ बसून फोटू काढलास," आई म्हणाली, "आन् त्यांचा एकबी न्हाय?"

शेवटी ओळखपत्रावरचा तिकिटाएवढा फोटो मोठा करून लावला. त्यात आबा ओळखू येतात, एवढंच.

मांजर काही दिवस रिकाम्या कॉटवर येत राहिलं, मग यायचं थांबलं.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी आईला खिडकीशी बसवलं. ती ताठ बसली, ओठ घट्ट मिटून. काहीतरी बोल म्हटलं, तर राधानगरीकडच्या माहेराचं सांगू लागली. आबा तिला बघायला आले तेव्हा धो धो पाऊस होता. त्यांनी आपलं इरलं कॅमेऱ्यावर घातलं आणि स्वतः चिंब भिजून दारात उभे राहिले. सांगता सांगता तिला हसू आलं, तेव्हा मी फोटो काढला.

तिनं तो उजेडात धरून नीट पाहिला. "म्हातारी झालो की रं मी," म्हणाली, आणि ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली ठेवून दिला.