सोलापुरात अंटार्क्टिकाचे बॅक्टेरिया

आमच्या लॅबमध्ये बॅक्टेरिया सोडून सगळं वाढतं. किस्से तर विचारूच नका!

मी इथल्या एका कॉलेजात अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रातल्या बॅक्टेरियांवर पीएच.डी. करतेय. समुद्र तापत चाललाय, तर या बिचाऱ्यांचं काय होणार, हा विषय. त्यासाठी आधी ते थंडगार इन्क्युबेटरमध्ये, प्लेटवर वाढवायचे. पण वाढतील तर शपथ! "दिवाळीपर्यंत वाढले नाहीत तर विषय बदल," असं माझ्या गाईड सरांनी निक्षून सांगितलेलं. माझी झोप उडाली होती.

उजनी धरणाच्या काठी राहणाऱ्या माझ्या काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "समुद्राचं पानी कशाला? उजनीचं ने की, लई हाय!"

"काका, थंड पाणी लागतं."

"मग पहाटं ये की!"

एप्रिलमध्ये हेड मॅडम रोज माझ्या संशोधनाची चौकशी करायला यायच्या. इन्क्युबेटरचं दार उघडून तिथंच उभ्या. मी कळवळून म्हणाले, "मॅडम, दार लावा ना, ते मरतील!"

"अगं, इथं मी मरायला लागलेय त्याचं काय!"

एकदा बाहेरून कमिटी आली. माझी रिकामी प्लेट उजेडात धरून एक साहेब म्हणाले, "व्वा! एकही जंतू नाही. स्वच्छता छान ठेवलीय हं!" सरांनी माझ्याकडे बघितलं, मी सरांकडे. थँक्यू म्हणायचं की सॉरी, दोघांनाही कळेना. शेवटी चहा मागवला.

आणि मग आली खंडेनवमी. दसऱ्याची सुट्टी संपवून आले, तर इन्क्युबेटर बंद! वर झेंडूचा हार, दारावर हळदकुंकू. आमचे लॅब अटेंडंट नरसय्यामामा शेजारी हसत उभे. त्यांच्या घरी यंत्रमाग.

"मामा, हे काय केलंत?"

"पूजा केली की, ताई. पूजेला मशीन चालवायचं नसतंय. आमचे मागबी बंदच होते."

मला रडूच फुटलं. दार उघडलं, तर प्लेटवर टपोरे पांढरे ठिपके! जिवंत! की हवेतलेच कुणी भलते घुसले?

सर धावत आले. मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले, उठले, पुन्हा बसले. "आपलेच वाटतायत गं. पण गारव्यात मख्ख आणि उकाड्यात असे? काहीच कळेना बुवा."

"सर, विषय राहिला ना?"

"राहिला. पण एकदा झालेलं कोण मानतंय? जसंच्या तसं तीनदा करून दाखवावं लागेल."

मामा हार उतरवत होते. तिथूनच म्हणाले, "म्हंजे अजून दोन दसरे, ताई!"