प्रत्येक दुखण्यावर इलाज

ताई आणि तिच्या पोटातलं बाळ, दोघं एकाच दिवशी गेली. परवा पुण्यानुमोदन झालं. भेटायला येणारा माणूस आधी रडतो, चहा येईपर्यंत ताईचा एक किस्सा काढतो, मग बाजूच्याला त्याहून भारी आठवतो. असे किस्से इतके जमले आहेत की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ताई अकोल्याला दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आठव्या महिन्यात आमच्याकडे अमरावतीला आली. कंबर अशी धरली होती की खाली बसली तर उठता येत नव्हतं. गल्लीतल्या बाया आपापलं तेल घेऊन आल्या. एकीचं लसणाचं, एकीचं ओव्याचं, एकीचं मोहाचं. भाऊजी अकोल्याहून आले तेही बाटली घेऊनच.

ताई म्हणाली, "मले चोळता का तळता?"

छातीत जळजळ सुरू झाली तेव्हा शेजारची काकू म्हणाली, "चांगलं हाये, लेकराले केस दाट येतीन."

ताईने भाऊजींच्या टकलाकडे पाहिलं. "मंग यांच्या आईले जळजळ झालीच नसन."

त्या दिवशी सगळ्यात जास्त भाऊजीच हसले. आता ते कोणाशी बोलत नाहीत.

पाय सुजले. तिची चप्पल चढेना, म्हणून ती माझी घालून अंगणात फिरायची. एकदा घाईत मी तिचीच गुलाबी फुलाची चप्पल घालून ऑटो स्टँडवर गेलो. एक जण म्हणाला, "काय बे, तुले कितवा लागला?"

घरी येऊन सांगितलं, तर ताई पोट धरून हसली. "हसवू नको बे, दुखते."

पाय सगळ्यांचेच सुजतात, असं सगळ्या बाया म्हणाल्या.

मग डोकं दुखायला लागलं. आईने फडकं घट्ट बांधलं. मी बाम आणला. दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "डोयासमोर चांदण्या दिसून राहिल्या."

मी म्हटलं, "भर दिवसा? चिखलदऱ्याले जायचा खर्च वाचला."

ती हसली. मीही हसलो. माझा ऑटो दारातच उभा होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, सूज आणि डोकेदुखी सोबत दिसली तेव्हाच आणायला पाहिजे होतं. आमच्याकडे प्रत्येक दुखण्यावर वेगळा इलाज होता. सगळी दुखणी एकाच बाईची आहेत, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

एक किस्सा मी अजून कोणाला सांगितला नाही. त्या दुपारी ताईच्याने उभं राहवेना. तिला ऑटोत बसवलं, आई तिला धरून मागे बसली. मी चौकाचौकात हॉर्न दाबतच चाललो होतो. मागून ताईने माझ्या खांद्यावर चापट मारली.

"हॉर्न काहून वाजवून राहिला बे? सकाळपासून लाथा मारून राहिलं होतं. आत्ता कुठं झोपलं."

मी हॉर्न बंद केला.