बूड नसलेलं भांडं

फेब्रुवारीची नऊ तारीख. अण्णाला जाऊन पाच आठवडे झाले होते आणि सोलापुरातली त्याची भाड्याची खोली मला दुपारपर्यंत रिकामी करून द्यायची होती. हा माझा थोरला भाऊ, चित्रकलेचा निवृत्त शिक्षक, एकटा; सामान कितीसं असणार! कपडे, रंगांचे डबे तासाभरात बांधून झाले. मग खिडकीच्या गजाला दोरीनं टांगलेल्या मातीच्या भांड्यापाशी हात थांबले.

काही वर्षांपूर्वी त्यानं एका पुस्तकात चीनमधल्या सहा हजार वर्षांपूर्वीच्या भांड्याचं चित्र पाहिलं होतं. अरुंद तोंड, पोटाला दोन कान आणि खाली गाजरासारखं टोक. मंद्रूपला आमच्या शेताशेजारच्या मल्लप्पा कुंभाराकडून माती घेऊन त्यानं तसंच भांडं केलं. चाकावर नव्हे, मातीच्या वळ्या एकावर एक चढवून. भाजून निघाल्यावर मल्लप्पा म्हणाला, "गुरुजी, ह्येला बूडच न्हाय की! ठेवायचं कुटं?"

"ठेवायचं नाही, विहिरीत सोडायचं. आडवं पडतं, पाणी प्यायलं की आपोआप उभं राहतं, असं म्हणतात."

त्या उन्हाळ्यात आमच्या शेतातली विहीर कोरडी होती. पुढं पाणी आलं, तर अण्णाचे गुडघे गेले. मग दर भेटीत एकच, "माले, कधी नेतेस ते विहिरीवर?" मी म्हणायची, ज्वारी निघू दे, दिवाळी होऊ दे... शेवटच्या भेटीत मी म्हणाले, "संक्रांत झाली की नेते." तो हसला. "तुझी संक्रांत लई लांब असते, बाई."

संक्रांतीच्या आतच गेला. झोपेत गेला, हाल झाले नाहीत, हे बरंच झालं. पण माझी चालढकल कामांमुळे नव्हती. भांडं बुडालं असतं, तर त्याचा चेहरा मला बघवला नसता.

खोली रिकामी करून दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भांडं मांडीवर घेऊन मी पहिल्या एसटीनं मंद्रूपला गेले. मल्लप्पानं दोन्ही कानांत दोर ओवला. "उशीर केला की, ताई."

"केला खरा. सोडा आता."

ते पाण्यावर आडवं पडलं आणि नुसतंच तरंगत राहिलं... मग गुडगुडलं, डोललं आणि ताठ उभं राहिलं. निम्म्याच्या वर मात्र भरेना.

"निम्मंच की वो!"

"निम्मं तर निम्मं. उभं राहिलं ना?"

पाच आठवड्यांत पहिल्यांदाच मला सपाटून भूक लागली. मल्लप्पाच्या घरची भाकरी खाल्ली आणि भांडं पुन्हा एकदा विहिरीत सोडलं.